परवाना आणि संसार : मराठवाड्याच्या संदर्भात एक विचार

लग्न झालेल्या मुलीला सासर आणि माहेर अशी दोन घरे असतात, असे आपण सहज म्हणतो. या दोन घरांमध्ये गोदावरी असू शकते, बालाघाटचा डोंगर असू शकतो, आणि निजामी राजवटीत तर सोलापूर किंवा वऱ्हाडच्या वाटेवर करोडगिरीचे नाकेही असत. नाक्यावर मालाची झडती होई, पण लेकीबाळींचे येणेजाणे थांबत नसे. सणावाराला मुराळी जाई आणि लेक माहेरी येई. पुढे एक काळ असा आला, की सासर एका राष्ट्रात आणि माहेर दुसऱ्या राष्ट्रात पडले. काही घरांत तर नवरा एका राष्ट्राचा आणि बायको दुसऱ्या राष्ट्राची ठरली. दोघांनी एका घरात राहावे की नाही, हे दोघांच्या इच्छेवर राहिले नाही. ते कचेरीतल्या शिक्क्यावर अवलंबून राहिले.

हद्दपारी आणि प्रवेशाचे नियम यांमुळे पति-पत्नींची झालेली ताटातूट हा विषय आपल्याकडे सहसा अभ्यासिला जात नाही. हा प्रश्न लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा, तेथे गेलेल्या थोड्या लोकांचा, असे आपण समजतो. वस्तुतः नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांच्या मातीत तो सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच उगवला होता. मुक्तिसंग्रामाचा आपला इतिहास लढ्याचा, सत्याग्रहाचा आणि सीमेवरील छावण्यांचा आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु लढा संपल्यावर घराघरांत काय झाले, याकडे त्या इतिहासाने फारसे पाहिले नाही. प्रस्तुत लेखात त्या बाजूचा, मुख्यतः कायद्याच्या अंगाने, विचार करावयाचा आहे.

मुलकी आणि गैरमुलकी

आजचा नांदेड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. सरहद्दी अशा हलत राहिल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. माणूस जागेवर असतो आणि सीमा त्याच्या अंगावरून सरकत जाते, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही.

हैदराबाद संस्थानात 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' असा भेद होता. सरकारी नोकरीत मुलकी माणसाला प्राधान्य असे. मुलकी कोण, हे ठरविणारे फर्मान १९१९ मध्ये निघाले. जो जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुलकी, आणि पंधरा वर्षे संस्थानात राहिलेला मनुष्यही मुलकी ठरू शके. त्याच नियमांत आणखी एक कलम होते : मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी. म्हणजे सोलापूरची किंवा पुण्याची मुलगी लातूरला दिली, की ती विवाहामुळेच संस्थानची ठरे. पंधरा वर्षे वाट पाहण्याचे तिला कारण नव्हते.

यात निजामाचे विशेष औदार्य होते असे नाही. त्या काळच्या जगाचाच तो नियम होता. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्यातही ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश आणि परक्याची पत्नी परकी असेच सूत्र होते. स्त्रीला स्वतःचे राष्ट्रीयत्व नाही, ती नवऱ्याच्या राष्ट्राची, ही कल्पना आजच्या दृष्टीने अन्यायाची आहेच. परंतु तिचा एक परिणाम असा होता, की राज्याने संसार सहसा मोडला नाही. नवरा जेथे, तेथे बायको, एवढे तरी त्या जुन्या नियमाने मान्य केले होते.

अरब शिपायांचे संसार

निजामाच्या अनियमित फौजेत अरबांची भरती फार जुनी. हे अरब मुख्यतः दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रांताचे. मुकल्ला येथील कुऐती घराण्याचे सुलतान हे हैदराबादच्या दरबारात जमादार म्हणून मानकरी होते, इतके हे नाते घट्ट होते. गढ्यांचे आणि खजिन्यांचे पहारे अरबांकडे असत, आणि काही जण सावकारीही करीत. हैदराबाद शहरातील बारकस हा भाग त्यांच्या वस्तीमुळे प्रसिद्ध आहे. मराठवाड्यात ते 'चाऊस' या नावाने ओळखले जातात. नांदेड, परभणी आणि औरंगाबाद या भागांत हे आडनाव आजही सर्वांच्या परिचयाचे आहे.

हद्रमौतहून येणारे बहुतेक पुरुष एकटे येत. त्यांनी इथल्याच मुसलमान घरांतील मुलींशी लग्ने केली. अशा विवाहांतून जन्मलेल्या संततीला 'मुवल्लद' म्हणत. एकदोन पिढ्यांत या घरांची बोली दखनी झाली आणि मुले बाजारात मराठी बोलू लागली. अरबी शब्द राहिले ते नमाजात, नावात आणि काही खाद्यपदार्थांत.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यापूर्वीच्या वर्षभरात रझाकारांच्या अत्याचारांमुळे हजारो हिंदू कुटुंबे सीमेपलीकडे गेली होती. कारवाईनंतर सूडाची लाट उसळली आणि तिचा फटका मुसलमान वस्त्यांना बसला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि बीदर हे तीन होते. चौथा गुलबर्गा. म्हणजे आजच्या लातूर-नांदेडचा जवळजवळ सारा टापू त्यात येतो. पुष्कळ कुटुंबे हैदराबाद शहरात गेली, आणि काही पाकिस्तानात गेली.

या वातावरणात नव्या प्रशासनाने अरब, पठाण आणि अफगाण यांच्याकडे संशयाने पाहिले. त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली, अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि 'परदेशी' म्हणून त्यांना परत धाडण्याचे धोरण आखले गेले. एडन त्या वेळी ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे हा पत्रव्यवहार ब्रिटिशांशी करावा लागला. काही अरबांना परत पाठविण्यात आले. बाकीचे इथेच राहिले आणि कालांतराने भारतीय नागरिक झाले.

येथे खरी अडचण उभी राहिली ती कुटुंबाची. हद्रमौतमध्ये जन्मलेला पुरुष परदेशी ठरविणे कागदावर सोपे होते. पण त्याची बायको कंधारची किंवा नांदेडची, आणि मुले इथेच जन्मलेली. तिने मुकल्ल्याला जावे, तर ज्या देशाची भाषा, हवा, अन्न यांपैकी काहीच तिला ठाऊक नाही, तेथे जाणे आले. इथे राहावे, तर नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अरबाला घरी पाठविणे असा या धोरणाचा अर्थ लावला गेला, पण त्याचे घर कोठे होते हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या माणसाने वीस-तीस वर्षे नांदेडात काढली आणि इथे लेकरे वाढविली, त्याचे घर हद्रमौत कसे? राज्य जन्मस्थान पाहते आणि संसार राहते घर पाहतो. संघर्ष या दोन दृष्टींचा आहे.

परवाना, पारपत्र आणि निष्क्रांत मालमत्ता

फाळणीनंतर पहिले काही महिने दोन्ही देशांत येण्याजाण्यास बंधन नव्हते. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यास परवाना लागू लागला, आणि थोड्याच महिन्यांत पाकिस्ताननेही तशीच पद्धत सुरू केली. १९४९ मध्ये त्यासंबंधीचा कायदा झाला. परवान्याशिवाय येणाऱ्यास, किंवा परवान्याची मुदत टळून राहणाऱ्यास, शिक्षा होई आणि देशाबाहेर काढले जाई. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याची जागा पारपत्र आणि व्हिसा यांनी घेतली.

परवाने निरनिराळ्या प्रकारचे होते. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा, कायम परत येण्याचा वेगळा. सामान्य माणसाला हा भेद काय ठाऊक असणार? ज्याला जो परवाना मिळाला तो घेऊन तो आला. परंतु पुढे त्याच कागदावर त्याचे नागरिकत्व ठरले. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने असे ठरविले, की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतर करून गेला तो भारताचा नागरिक नव्हे, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायम परतीच्या परवान्यावर जो परत आला त्याला ही अडचण नाही. हैदराबादच्या लोकांच्या बाबतीत यातली विसंगती विचार करण्याजोगी आहे. १ मार्च १९४७ रोजी हैदराबाद निजामाचे होते, आणि १९ जुलै १९४८ रोजीही ते भारतीय संघराज्यात आलेले नव्हते. ज्या वेळी माणूस निघाला त्या वेळी तो निजामाचा प्रजाजन होता. पण त्याच्या जाण्याचा अर्थ मात्र पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेने लावला.

याच्या जोडीला मिळकतीचा प्रश्न आला. १९५० च्या निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्यान्वये पाकिस्तानात गेलेल्या माणसाची घरे-शेते कस्टोडियनच्या ताब्यात जात. नवरा कराचीला गेला आणि बायको सासू-सासऱ्यांसह इथेच राहिली, तर घर नवऱ्याच्या नावावर असल्याने ते निष्क्रांताचे घर ठरण्याची भीती होती. म्हणजे एका कायद्याने नवरा गेला आणि दुसऱ्याने डोक्यावरचे छप्पर जाण्याची वेळ आली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांची घरेदारे तिकडे अशीच गेली होती, आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारला ही मालमत्ता हवी होती. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाची भरपाई म्हणून वापरले गेले. फाळणीचा हा हिशेब कोणाच्याच वहीत जुळला नाही.

मागे राहिलेल्या स्त्रीपुढे मार्ग थोडे होते. एक, नवऱ्याने बोलावून घेण्याची वाट पाहणे. दोन, परवाना मिळवून स्वतः जाणे, आणि गेल्यावर भारताचे नागरिकत्व गमावणे. तीन, विवाहातून मोकळे होणे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, किंवा त्याने दोन वर्षे पोटगी दिली नसेल, तर पत्नीला घटस्फोट मागता येतो. पण ज्याची पत्रे येतात, जो परत येईन म्हणतो, त्याचा ठावठिकाणा नाही असे कसे म्हणावे? हा कायदा टाकून दिलेल्या स्त्रीसाठी होता. येथे तर तिला नवऱ्याने टाकलेले नव्हते. दोघांना दोन सरकारांनी वेगळे केले होते, आणि अशा स्त्रीसाठी कोणत्याच कायद्यात कलम नव्हते.

न्यायालयापुढे पति-पत्नी

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय प्रत्येक अभ्यासकाने वाचावेत असे आहेत.

पहिला १९५५ चा, बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंह या खटल्यातला. गयेकडील एका घराण्यातील स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. नवरा भारतातच होता. ती डिसेंबर १९४८ मध्ये तात्पुरत्या परवान्यावर आली, एप्रिल १९४९ मध्ये परत गेली, आणि मे १९५० मध्ये कायम परतीच्या परवान्यावर आली. पुढे तो परवाना रद्द करण्यात आला. तिच्या बाजूने म्हणणे असे, की नवरा भारतातला, तेव्हा कायद्याप्रमाणे पत्नीचा अधिवासही भारतातलाच, आणि म्हणून तिने देश सोडला असे होत नाही. न्यायालयाने हे मान्य केले नाही. सातव्या अनुच्छेदाचे शब्द इतर अनुच्छेदांवर मात करणारे आहेत, आणि जी व्यक्ती स्थलांतर करून गेली ती नागरिक राहिली नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयातील तर्क कायद्याच्या दृष्टीने सरळ आहे. पण त्याचा सामाजिक अर्थ पाहावा. हजारो वर्षे स्त्रीला सांगितले गेले, की तुला वेगळे अस्तित्व नाही, नवरा जेथे तेथे तू. कायद्यानेही तेच सांगितले. आणि ज्या एका वेळी हे तत्त्व तिच्या उपयोगी पडले असते, नेमक्या त्याच वेळी कायद्याने तिला स्वतंत्र व्यक्ती मानले! तिला परकी ठरविण्यापुरते ते स्वातंत्र्य होते.

दुसरा निर्णय १९५४ चा, इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य. परवाना कायद्याच्या सातव्या कलमाने सरकारला भारतीय नागरिकालाही, परवान्याचा नियम मोडला एवढ्या कारणावरून, देशाबाहेर काढता येत होते. नागरिकाला भारतात कोठेही राहण्याचा मूलभूत हक्क आहे, म्हणून नागरिकांपुरते हे कलम घटनाविरुद्ध होय, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयाने अनेकांना दिलासा मिळाला असेल. पण दिलासा नागरिकाला होता. नागरिक कोण, हा मूळ प्रश्न उरलाच.

तिसरा १९६२ चा, मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पीर महंमद. यात पाकिस्तानी पारपत्रावर आलेले आणि मुदत संपूनही राहिलेले आरोपी पति-पत्नीच होते. सातवा अनुच्छेद घटना लागू होण्यापूर्वीच्या स्थलांतरालाच लागू आहे, आणि नंतर गेलेल्याचे नागरिकत्व संपले की नाही हे नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारने ठरवावयाचे, असा निर्णय झाला. तोपर्यंत आणखी एक बदल झाला होता. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात १९५७ साली दुरुस्ती होऊन पाकिस्तानी नागरिक हा स्पष्टपणे 'परकीय' ठरला. परकीयास देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच हान्स म्युलर प्रकरणात सांगितले होते. परकीयाला जीविताचे संरक्षण आहे, परंतु इथे राहण्याचा हक्क नाही, ही भूमिका पुढे १९९१ मध्येही कायम राहिली.

बायको आणता येते, नवरा आणता येत नाही

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या 'स्त्रिया' नोंदणीने नागरिक होऊ शकतील अशी तरतूद होती. शब्द स्त्रिया असा होता. म्हणजे लातूरच्या मुलाने परदेशी मुलीशी लग्न केले तर ती नोंदणी करू शके, परंतु लातूरच्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न केले तर त्या जावयाला हा मार्ग बंद होता. लेक द्यायची असते आणि सून आणायची असते, हा आपल्या ओसरीवरचा नियम जसाच्या तसा संसदेच्या कायद्यात बसला होता. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' आले आणि जावईही पात्र झाला. पण त्याच दुरुस्तीने पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षे झाली.

मुलांचीही हीच कथा. परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ बापाकडून नागरिकत्व मिळे. आईकडूनही मिळेल असे होण्यास १९९२ ची दुरुस्ती यावी लागली. तोपर्यंत भारतीय आईचे परदेशात जन्मलेले मूल कायद्याने आईच्या देशाचे नव्हते.

इतर ठिकाणचे अनुभव

असा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला, की ज्या धर्मात बहुपत्नीत्वास मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कायद्यासाठी ग्राह्य नाही. बाई मरियम या स्त्रीला नवऱ्याकडे उतरू दिले नाही, एवढेच ते प्रकरण. पण एका निर्णयाने तेथील बहुतेक सर्व हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या नजरेत पत्नी राहिल्या नाहीत. यातूनच कस्तुरबा आणि इतर स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, सीमा ओलांडून तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या कायद्याने भारतीय विवाहांना मान्यता मिळाली. प्रवेशाच्या नियमाविरुद्ध स्त्रियांनी लढून जिंकलेला हा लढा आपल्या पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपतो, ही खेदाची गोष्ट आहे.

जवळचे उदाहरण गोव्याचे. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांमधील संबंध तुटले आणि रेल्वे बंद पडली. नवरा मुंबईत नोकरीला आणि बायको गोव्यात शेतीवाडीला, अशी असंख्य घरे होती. त्यांचे येणेजाणे परवान्यावर आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सीमाच पुसली गेली. कराचीच्या वाटेवरची सीमा मात्र वर्षागणिक अधिक उंच होत गेली.

१९७२ मध्ये युगांडातून इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत घालविले. तेव्हा एकाच घरात पारपत्रे निरनिराळी असल्यामुळे बायको-मुले ब्रिटनमध्ये आणि राष्ट्रहीन ठरलेला नवरा युरोपातल्या निर्वासित छावणीत, अशा ताटातुटी झाल्या. युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे तीन स्त्रियांनी ब्रिटनविरुद्ध मांडलेल्या तक्रारीचा निकाल १९८५ मध्ये लागला. पुरुषाला पत्नी आणता येते, मग स्त्रीला पती का आणता येऊ नये? हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने म्हटले. ब्रिटिश सरकारने भेद दूर केला, तो मात्र पुरुषांचीही सवलत काढून घेऊन! समता अशीही आणता येते. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनने जोडीदाराला आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२४ मध्ये असे ठरविले, की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही.

आखातात गेलेल्या आपल्या लोकांना हा अनुभव रोजचा आहे. तेथे ठरावीक पगारापेक्षा कमी कमावणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. गवंडी, ड्रायव्हर किंवा दुकानातला नोकर नवरा दोन-दोन वर्षांनी सुटीवर येतो. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल आकार सुरू केला आणि दरवर्षी वाढवीत २०२० मध्ये तो ४०० रियालवर नेला. अनेक भारतीयांनी बायको-मुलांना मायदेशी परत पाठविले. येथे हद्दपारीचा हुकूम कोणी काढला नाही. पगाराच्या आकड्यानेच ते काम केले.

पुन्हा अटारी

१९६५ च्या युद्धापर्यंत मराठवाड्यातला मनुष्य मुंबईहून बोटीने किंवा राजस्थानातून खोखरापारच्या रेल्वेने सिंधमध्ये जाऊ शके. युद्धाने दोन्ही वाटा बंद केल्या. १९७६ मध्ये लाहोरकडची समझौता एक्सप्रेस सुरू झाली आणि २००६ मध्ये खोखरापारची वाट थार एक्सप्रेसने पुन्हा उघडली. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गाड्या थांबल्या. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ मध्येच बंद झाली. व्हिसा मिळाला तरी तो ठरावीक शहरांपुरता, आणि पोहोचताच पोलिसांत वर्दी. सिंधमधून आपल्याकडे आलेल्या हिंदू कुटुंबांनाही, काहीजण इकडे आणि काहीजण तिकडे, हेच भोग आहेत. म्हणजे ही केवळ एका धर्माची कहाणी नव्हे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी निरपराध पर्यटकांची हत्या केली. त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. दीर्घ मुदतीच्या व्हिसांना त्यातून सूट होती. पण ज्यांचा असा अर्ज अजून निकालात निघाला नव्हता, त्या सुनांचे काय? आणि पाकिस्तानात लग्न होऊन गेलेल्या, पण पारपत्र भारताचेच असलेल्या लेकींचे काय? अटारीच्या फाटकावर आई एका पारपत्राची आणि मूल दुसऱ्या पारपत्राचे, अशी दृश्ये त्या आठवड्यात साऱ्या देशाने पाहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. सुनेला आणि जावयाला त्यातून काय मिळते, हे पुढील काळात पाहावे लागेल.

राज्याची बाजूही विचारात घेतली पाहिजे. सीमेवर कोणाला येऊ द्यावे हे ठरविल्याशिवाय राज्य हे राज्य राहत नाही. हेरगिरी, खोटी लग्ने आणि अतिरेक या काल्पनिक गोष्टी नाहीत. संकटकाळी सरकारला तातडीने निर्णय घ्यावे लागतात. हे सर्व मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. जी स्त्री दहा वर्षे इथे नांदते आहे, जिची मुले इथल्या शाळेत जातात, तिच्याविषयी चौकशी करून निर्णय घेण्यास राज्याजवळ वेळ नव्हता काय? संशय एका व्यक्तीविषयी असतो, पण हुकूम साऱ्या वर्गाविरुद्ध निघतो. १९४८ च्या अरबांच्या बाबतीत हेच घडले होते.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, विवाह हा समाजाच्या दृष्टीने कितीही पवित्र असला, तरी राज्याच्या दृष्टीने ती एक सवलत आहे आणि ती काढून घेता येते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने सोळाव्या अनुच्छेदात कुटुंबाला समाजाचा नैसर्गिक आणि मूलभूत घटक म्हटले आहे, पण एकत्र राहण्याचा हक्क कोणत्या देशात, हे त्यात सांगितलेले नाही. दुसरी, कायद्याने स्त्रीला कधी नवऱ्याशी बांधले तर कधी सुटे मानले, पण दोन्ही वेळा तिला काय हवे हे विचारले नाही. तिसरी, या नियमांचा भार श्रीमंतांपेक्षा गरिबांवर अधिक पडला, कारण योग्य परवाना कोणता हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

आपल्या विद्यापीठाच्या परिसरात या विषयाचे साधन अजून जिवंत आहे. जुनी पत्रे, मुदत संपलेली पारपत्रे, कस्टोडियनच्या नोटिसा, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी त्या काळी आई-आजीला वाट पाहताना पाहिले अशी माणसे नांदेडच्या इतवाऱ्यात, उदगीरला, कंधारला आणि लातूरच्या जुन्या गल्ल्यांत आहेत. ती आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहेत. इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी एका सुटीत जरी या आठवणी नीट, नावे गुप्त ठेवून, टिपून ठेवल्या, तरी मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाला एक हरवलेले पान मिळेल. लढवय्यांच्या नोंदी आपण ठेवल्या, ते योग्यच झाले. वाट पाहणाऱ्यांच्या नोंदी अजून व्हावयाच्या आहेत, आणि त्यासाठी आता फार वर्षे उरलेली नाहीत.